भाडेकरूच्या पायाखाली

३ फेब्रुवारी, सोमवार

रोजनिशी सुरू करण्याचं कारण निव्वळ तांत्रिक. लेक म्हणते, बाबा, मनातलं लिहीत जा, बरं वाटतं. मला बरंच आहे. एका कामाची नोंद हवी म्हणून लिहितो.

काम असं. घरातल्या सशाच्या मागच्या तळव्यांवरचे केस गेलेत, खालची कातडी लाल झाली आहे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आज उलटा धरून दाखवलं. बाई वयाने लेकीएवढ्या, बोलायला सासूसारख्या. म्हणाल्या, सशाच्या पायाला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते हो, नुसते केस. कडक, घसरड्या जमिनीवर बसून बसून ते गेले. महिन्याभरात त्याच्या पायाखालची जमीन सुधारा, नाहीतर त्याला दुसरं घर बघा. जखम हाडापर्यंत पोचली की माझ्याकडे आणू नका, माझ्याकडे मग काही नसतं.

जमीन सुधारा. हे मला! शहरातल्या सगळ्यात मोठ्या फ्लोअरिंग शोरूममध्ये मी सीनिअर सल्लागार आहे. माणसं घराचा नकाशा घेऊन माझ्यापुढे पत्रिका दाखवायला आल्यासारखी बसतात. बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. म्हणाल्या, मग तर सोपंच आहे.

सोपंच आहे. पंधरा दिवसांत विषय संपवतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पार्श्वभूमी. सशाचं नाव भाडेकरू. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा आठ दिवसांसाठी म्हणून ठेवून गेली. ते आठ दिवस चार वर्षं चालू आहेत. बायको म्हणायची, भाडेकरू कसला, घरमालक झालाय, आपणच याचे भाडेकरू. दिवसभर तिच्या मागे शेपटासारखा. माझे आणि त्याचे संबंध औपचारिक. तो माझ्या चपला खायचा, मी नव्या आणायचो.

ही जाऊन आता तीन महिने होतील. दवाखान्यात गेली ती स्वतःच्या पायांनी, पिशवी घेऊन. दारात वळून म्हणाली, अहो, भाडेकरूकडे बघा. पुढचं परत आल्यावर सांगेल असं धरून चाललो होतो. अर्धवट सूचना. शोरूममध्ये निम्मी गिऱ्हाइकं अशीच असतात.

तर बघतोय. हातात टेप घेऊन.

लेकीचा फोन. २ मार्चच्या रविवारी येते म्हणाली, सशाचा पिंजरा घेऊनच. पाय बरे नसतील तर घेऊन जाईल. बाबा, तुला एकट्याला नाही रे जमायचं, उगाच डोक्याला ताप. म्हटलं, ने की, सुंठीवाचून खोकला गेला.

फोन ठेवून लगेच मोजमापं घेतली.

५ फेब्रुवारी

साइट सर्व्हे. घरातली फरशी हाय-ग्लॉस व्हिट्रिफाइड, मोठ्या आकाराची, पांढरी. निवड माझी. वाकून बघितलं तर आपली दाढ कुठली किडली ते दिसतं. बिल्डिंगमध्ये अशी फरशी कुणाकडे नाही.

एक दोष आढळला. स्वयंपाकघरापासून गॅलरीच्या दारापर्यंत आठ ठिकाणी फरशी जास्त चमकते. गोल, लंबगोल. बाकी भाग वापराने किंचित मंद झालाय, हे आठ तुकडे कालच बसवल्यासारखे. कारण उघड आहे. तिथे हिची पायपुसणी असायची.

ही जुन्या कपड्यांच्या पट्ट्या कापून, त्यांची वेणी घालून, ती गोल गोल शिवून पायपुसणी करायची आणि अंतराअंतरावर टाकायची. ओढ्यात दगड टाकतात तशी. गुडघे दुखायचे. दोन पावलं टाकायची, पायपुसण्यावर जरा टेकायची, पुन्हा दोन पावलं. मी सांगून सांगून दमलो, की बाई गं, या फरशीला घसरण्याच्या चाचणीत चांगले मार्क आहेत. ती म्हणायची, तुमचे मार्क घाला चुलीत, माझा पाय ठरला पाहिजे. पाहुणे यायचे ते माझी फरशी बघायचे सोडून हिची पायपुसणी बघायचे. वर विचारायचे, वहिनी, आम्हाला एक करून द्याल?

ही गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ती उचलली, धुतली, पिशवीत भरून माळ्यावर टाकली. स्वच्छतेच्या दृष्टीने. दुसरं काही कारण नाही. सकाळी चहा करायला उठलं की पायाखाली यायची.

शोरूमचं पॉलिशचं मशीन मागवतो. फरशी एकसारखी करून टाकू.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाळीचे चार पॅनल प्लास्टिकच्या टायने बांधून कुंपण केलं. आत पहिली निवड: फोमचे एकमेकांत अडकणारे चौकोन. मऊ, उबदार, पाण्याला दाद न देणारे, वर मुळाक्षरं. लहान मुलांच्या खोल्यांसाठी वर्षानुवर्षं खपवलेत, एक तक्रार नाही.

भाडेकरूने वास घेतला, बसला. पहिल्या फटक्यात यश. डॉक्टरीणबाईंना फोन करून कळवावं का? नको. बढाई वाटेल.

८ फेब्रुवारी

सकाळी 'अ' ते 'ऊ' गायब.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून गवताला तोंड लावलं नाही. कोपऱ्यात पाठीचा गोळा करून बसला, दात करकरत. बाईंनी सुटीच्या दिवशी दवाखाना उघडला. म्हणाल्या, सशाला उलटी करता येत नाही. गिळलं ते गिळलं, सगळं आतच राहतं.

अवघड स्वभाव.

पोट चोळणं, औषध, सुई. मी पूर्ण शांत होतो. कंपाउंडरने दोनदा खुर्ची आणून दिली, ती त्याची पद्धत असावी. दुपारी बाई म्हणाल्या, आता वाट बघायची, पोट हललं तर हललं. तो टॉवेलवर माझ्या मांडीत होता. याला मांडीवर घ्यायची ही पहिलीच वेळ. वजनच नाही हो. इतके दिवस मी याला जड समजत होतो.

संध्याकाळी लेंडी पडली. उभ्या आयुष्यात जमिनीवर पडलेल्या कुठल्याही वस्तूचा मला एवढा आनंद झालेला नाही.

निघताना बाईंनी तासलं. फोम बंद, रबर बंद, प्लास्टिक बंद. हा चावणारच, दात वाढत असतात त्याचे. चावायला गवत द्या, काड्या द्या. आणि सोबत द्या. मी टिपून घेतलं: गवत, काड्या. तिसरी वस्तू आमच्या खात्यात येत नाही.

लेकीला काही कळवलं नाही. ती काळजी करते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फेल्टच्या अस्तराचा जाडा विनायल, कडा ॲल्युमिनियमच्या पट्टीत बंद. प्लास्टिक बंद म्हणाल्या होत्या, पण हे प्लास्टिक नव्हे, हे फ्लोअरिंग आहे. शिवाय कड दाताला लागणारच नाही. रचना माझी. पेटंट घ्यावं इतकी चांगली.

संध्याकाळी घरी आलो. पट्टी उचकटलेली, विनायलची कड कुरतडून बाजूला टाकलेली. गिळलेलं नाही, तुकडे जुळवून खात्री केली. एक टायही तुटलेला. भाडेकरू कुंपणाबाहेर, पार गॅलरीच्या दाराशी, नागड्या फरशीवर. मला बघून घसरत घसरत कोपऱ्यात परत.

टायची क्वालिटी घसरली आहे. सप्लायरला झापणार.

१३ फेब्रुवारी

जिन्यात खालचे मास्तर भेटले. निवृत्त शिक्षक. जन्मभर परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा केल्यामुळे कान असे, की तीन बाकांपलीकडची कुजबुज धरावी. मला 'फरशीवाले' म्हणतात. म्हणाले, फरशीवाले, एक विचारू का, रागावू नका. दुपारी तुमच्या घरात कोण असतं? म्हटलं, कोणी नाही, मी शोरूममध्ये. म्हणाले, मग चालतं कोण? रोज चालतं. स्वयंपाकघराकडून गॅलरीकडे. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा.

मी खिशात किल्ली चाचपली. मग तेच हळू आवाजात म्हणाले, वहिनी चालायच्या ना, अगदी तस्सं.

वय झालंय मास्तरांचं. म्हटलं, पाइपमध्ये हवा धरते, त्याचा आवाज येतो. म्हणाले, पाइपचे गुडघे दुखतात का?

१५ फेब्रुवारी

विनायल रद्द. आज लोकरी कार्पेट. प्लास्टिकची तक्रार नको म्हणून खास नैसर्गिक. नख अडकलं. एक दोरा ओढला, दोऱ्यामागून दुसरा, तासाभरात कुंपणाखाली दाढी उगवल्यासारखं दिसायला लागलं. गिळायच्या आत ओढून काढलं. मला बोटाला चावला. टाका नाही पडला. पडला असता तर बरं, निदान डॉक्टरांना दाखवायला काही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पॉलिश मशीन चालवलं. दिवस गेला, कंबर गेली, पण काम असं, की मालकांनी बघावं. आठ गोल नाहीसे. फरशी एकजीव. कुठे काय होतं ते आता कुणाला सांगता येणार नाही.

संध्याकाळी दिवा न लावता बसलो होतो. फरशीत गॅलरीच्या दाराशी काहीतरी हललं, कापडाची कड दाराआड वळावी तसं. पडद्याचं प्रतिबिंब. उठून खात्री केली. पडदा धुवायला टाकलेला आहे, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे बाहेरच्या कुठल्यातरी पडद्याचं. हाय-ग्लॉसमध्ये लांबचंही येतं.

भाडेकरू कुंपणात मागच्या पायांवर उभा, कान त्याच दिशेला.

दिवा लावला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ओक लाकडाच्या फळ्या, शोरूममधली शिल्लक. लाकूड सशाला चालतं. फारच चाललं.

शोरूममध्ये एक नवं जोडपं आलं होतं. हॉलला काय घालावं? मी नेहमीप्रमाणे सविस्तर सांगितलं. तासाभराने दोघं हळूच निघून गेली. मालकांनी केबिनमध्ये बोलावून समजावलं की अहो, गिऱ्हाइकाला बजेट विचारायचं, एरिया विचारायचा. तुमच्या घरात दिवसभर कोण एकटं असतं आणि कुठे बसून वाट बघतं, हे नसतं विचारायचं. ती मुलगी रडवेली झाली होती म्हणे. मी ग्राहकाच्या खोलवर जातो, हे मालकांना पेलत नाही.

चार दिवस सुटी घ्या, हेही म्हणाले. घेत नाही. घरी काय ठेवलंय?

२२ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरीणबाईंकडे. उजवा पाय वाईट. कातडी फाटली आहे.

मी आतापर्यंत वापरलेल्या मालाची यादी वाचून दाखवली. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, हे सगळं ठीक आहे, पण हा कुठेतरी तासन्‌तास कडक, गुळगुळीत फरशीवर बसतोय. म्हटलं, शक्य नाही, कुंपणात आहे. म्हणाल्या, पाय खोटं बोलत नाहीत, घरची माणसं बोलतात. आणि आठ दिवसांनी तुमची लेक येतेय ना? घेऊन जाऊ द्या तिला. त्याच्या भल्यासाठी सांगते. तुमच्याही.

माझ्या भल्याचा काय संबंध?

रिक्षात भाडेकरूच्या पिशवीत हात घालून बसलो होतो. जरा हादरे बसतात म्हणून.

ठराव: रविवारी लेकीच्या हातात भाडेकरू शांतपणे द्यायचा. गवताची पिशवीही द्यायची. घर मोकळं होईल. कुठेही केस नाहीत, लेंड्या नाहीत. कोणी नाही. स्वच्छ.

२३ फेब्रुवारी, रविवार

ठराव रद्द. अजून सात दिवस आहेत.

मास्तर पुन्हा जिन्यात. म्हणाले, तुमचा विश्वास नाही ना? उद्या शोरूममधून सुटी काढा. कामाला जाताय असं दाखवून बाहेर पडा आणि माझ्याकडे येऊन बसा. कानांनी ऐका. मी वर घरात असलो की आवाज होत नाही, असं त्यांचं म्हणणं. इन्स्पेक्टर आला की वर्ग गप्प बसतो तसं.

जाणार आहे. पाइपमध्ये हवा आहे हे त्यांना तोंडावर सिद्ध करून देतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बूट घालून, बॅग घेऊन, मोठ्याने कुलूप लावून निघालो. मास्तरांकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. त्यांचा हॉल आमच्या हॉलच्या बरोब्बर खाली. बराच वेळ काही नाही. मी पाइपचा विषय काढला.

मग वर, आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. टप, टप. थांबलं.

मी फरशीचा माणूस, आमच्या घराचा नकाशा मला उताणं पडूनही वाचता येतो. टप, टप. फ्रीजपाशी थांबलं. टप, टप. टेबलाचा कोपरा. मग बेसिन. तिथे जरा जास्त वेळ. ही तिथे भिंतीला हात टेकायची, श्वास घ्यायची, आणि आतूनच मला ओरडून विचारायची की चहा घेताय का. टप, टप. फडताळ. मग हॉलमधली दोन. मी वर बघत होतो. छताला एक बारीक तडा आहे, त्यावरून काहीतरी चालत गेल्यासारखं वाटलं. एकही जागा चुकली नाही. मशीन मारून मी जे पुसलं होतं ते सगळं, जिथल्या तिथे.

गॅलरीच्या दाराशी थांबलं ते थांबलंच.

मास्तर वर बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. म्हणाले, वहिनीच ना हो? म्हटलं, स्लॅब पातळ आहे, बिल्डरने सिमेंट खाल्लंय. म्हणाले, चहा निवला तुमचा, दुसरा टाकू? म्हटलं, टाका.

दुसरा कप पूर्ण प्यालो. हे मुद्दाम नोंदवतो. घाबरलेला माणूस दुसरा कप पीत नाही.

वर आलो तर किल्ली लागेना. कुलूप जुनं झालंय. जिन्याच्या पायरीवर थोडा बसलो. आत कोणी असेल असं मला वाटलं नव्हतं. नसेल असंही नाही.

आत कुंपणाच्या दोन पॅनलमध्ये नाकाने ढकलून केलेली फट, आणि बाहेर भाडेकरू. गॅलरीच्या काचेच्या दाराशी उघड्या फरशीवर बसलेला, कान उभे, तोंड पलीकडच्या वेताच्या खुर्चीकडे. दुपारी ही तिथे उन्हात गुडघे शेकत बसायची, आणि हा तिच्या पायाशी. मी दार लावलं, बॅग ठेवली, तरी वळला नाही. फरशीवर लाल ठिपके होते, उजव्या पायाचे. उंबरा, फ्रीज, टेबल, बेसिन, फडताळ. तिथे तिथे, जिथे थांबला होता.

तांत्रिक निष्कर्ष: कुंपणातल्या मालात दोष नव्हता. फोम, विनायल, कार्पेट, ओक, यातलं काहीही त्याने नापसंत केलेलं नाही. ते फक्त वाटेत आलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शोरूमला कळवलं, साइटवर आहे.

सकाळी माळ्यावरून पिशवी काढली. निव्वळ ट्रायल म्हणून. मी स्वतः धुतली होती, दोनदा, तरी दोन पायपुसण्यांना तिच्या गुडघ्याच्या मलमाचा वास आहेच. पक्केपणा मलमवाल्यांकडून शिकावा.

टाकताना टेप काढली होती. लागली नाही.

कुंपण सोडवलं. भाडेकरू उंबऱ्यावरच्या पहिल्यापाशी आला, नाक लावलं. बराच वेळ लावलं. मग चढला. दुसऱ्यावर. कोपरा दातात धरून ओढला, मी धावलो. पण खाल्लं नाही, चुरगळलेली कड नुसती सरळ केली आणि पुढे निघाला. फ्लोअरिंगवाल्याच्या कामात ससा दुरुस्त्या करतो.

टेबलाच्या कोपऱ्यावरच्या पायपुसण्यावर अचानक धाडकन कुशीवर कोसळला. पाय ताणलेले, डोळे पांढरे. मेला! डॉक्टरीणबाईंना फोन लावला. काय बोललो आठवत नाही. बाई म्हणाल्या, आधी तुम्ही श्वास घ्या. आता त्याच्या पोटाकडे बघा, हलतंय? अहो, ससा निवांत झाला की असाच पडतो. किती दिवसांनी पडला? म्हटलं, ही होती तेव्हा पडायचा बहुतेक. मी बघितलं नव्हतं.

बाई एकदम मऊ आवाजात बोलल्या. म्हणाल्या, नुसतं सुती आहे ना? मग राहू द्या. चावलाच तर लक्ष ठेवा, आणि शेजारी गवत ठेवा म्हणजे त्याला हात लावणार नाही. लक्षात आलं, ही प्रत्येक पायपुसण्याच्या कडेला मूठभर गवत ठेवायची. मी त्याला कचरा म्हणायचो.

आठ मुठी ठेवल्या.

२८ फेब्रुवारी

पाय सुकतोय. तीन दिवस कुंपण उघडं. एक चप्पल सोडली तर काही चावलेलं नाही. चप्पल माझी. संबंध पूर्ववत.

लेकीसमोर मांडण्यासाठी मुद्दे तयार केले: सुटे मॉड्यूल, शंभर टक्के सुती पृष्ठभाग, टप्प्याटप्प्याची रचना, धुण्याजोगं. या संकल्पनेला नाव द्यायला हवं. शोरूममध्येही चालेल.

२ मार्च, रविवार

लेक आली. हातात पिंजरा. दारातच थबकली. मी मुद्दे सुरू केले. सुटे मॉड्यूलपर्यंत पोचलो असेन, ती खाली बसली. वेणीवरून बोट फिरवत म्हणाली, हा माझा शाळेचा स्कर्ट. हा तुझा इंटरव्ह्यूचा शर्ट, ज्याची बाही आईने इस्त्रीने जाळली होती. ही आजीच्या घरची चादर. बाबा, हे आईने तुला इतकी वर्षं फुकटात सांगितलं होतं ना रे?

म्हटलं, तिची मांडणी शास्त्रीय नव्हती. तिने विचारलं, मग तू काय बदललंस? मी सगळीकडे नीट बघितलं. काही नाही, म्हटलं.

तिने भाडेकरूला उलटं करून पाय बघितले. तळव्यावर लव आली आहे, बाळाच्या डोक्यावर असते तशी. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नळ गळतो की काय, बघायला हवं.

संध्याकाळी रिकामा पिंजरा घेऊन निघाली. दारात म्हणाली, बाबा, भाडेकरूकडे बघ हं. आणि स्वतःकडे. मी हसून म्हटलं, सूचना पूर्ण आली एकदाची. तिला कळलं नाही.

भाडेकरूचा करार वाढवला आहे. बेमुदत. प्रोजेक्ट यशस्वी. रोजनिशी आज बंद.

६ मार्च, गुरुवार

एक किरकोळ नोंद राहिली. जिन्यात मास्तर भेटले. म्हणाले, फरशीवाले, काय केलंत हो? आवाज बंद झाला. दुपारी एकदम शांत. मी समजावलं की सुती जाडीमुळे आघाताचा आवाज शोषला जातो, त्यात काही विशेष नाही. म्हणाले, बरं झालं, सुटल्या बिचाऱ्या.

हे काही मी लक्षात घेतलं नव्हतं. काम करताना सगळ्याच बाजू लक्षात येतात असं नाही.

१० मार्च, सोमवार

दुपारी मास्तरांकडे गेलो. पाहणीसाठी. काम झाल्यावर पाहणी करावी लागते.

काही नाही. पंखा बंद करायला लावला. काही नाही. भिंतीवरचं घड्याळ उतरवायला लावलं. मास्तरांनी विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हटलं, टेस्टिंग. त्यांनी दुसरा चहा टाकला. छताच्या तड्याखाली अंधार पडेपर्यंत बसलो.

वर आलो तर भाडेकरू गॅलरीच्या दाराशी, आठव्या पायपुसण्यावर, आरामात. म्हणजे गेला होता. सगळ्या वाटेने गेला होता. फक्त ऐकू आला नाही.

११ मार्च

फ्रीजजवळचं पायपुसणं धुवायला काढलं. एकच. दोन-चार दिवस वाळायला लागतील, घाई नाही. एका जागी फरशी उघडी राहिली तर बिघडत नाही.

भाडेकरू आला. जागेच्या कडेला थांबला. एक पाय पुढे केला, फरशीला टेकवला, मागे घेतला. माझ्याकडे बघितलं.

परत टाकलं. मळलेलं नव्हतंच.

१६ मार्च, रविवार, दुपार

मास्तरांना फोन लावला. म्हटलं, फोन कानाला ठेवा आणि दुसरा कान छताला द्या, मी शेवटची चाचणी घेतोय. शोरूमचे बूट घातले, जाड टाचेचे. उंबऱ्यावरून निघालो. दोन पावलं, थांबलो. फ्रीज. दोन पावलं. टेबल. बेसिनपाशी भिंतीला हात टेकला, जरा जास्त वेळ थांबलो. फडताळ. भाडेकरू मागून येत होता. शेपटासारखा. गॅलरीच्या दाराशी पोचलो तेव्हा त्याने डाव्या बुटाची नाडी तोडली होती.

विचारलं, आलं का ऐकू? मास्तर म्हणाले, नाही हो. म्हटलं, नीट ऐका, मी पुन्हा येतो. उलट गेलो, परत आलो. पाय आपटले. आता? म्हणाले, छे. मग म्हणाले, फरशीवाले, काम अगदी फर्स्ट क्लास झालंय तुमचं. वर कोणी राहतं असं वाटतच नाही.